चौदा औंसांची झोळी

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सचं कापड रंगावरून ओळखत नाहीत. दहाचं, बाराचं, चौदाचं, एवढंच बोलतात. वारभर कापड किती औंस भरतं, ते.

जांभळीच्या फांदीला वजनाचा काटा, काट्याच्या आकड्याला चड्डी, चड्डीत मूल. मूल हवेत गिरकी घेतं आणि गिरकीतच मुततं. खाली उभ्या असलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसतात.

काळा दोरा, कमरेला. गाठ डाव्या अंगाला. गाठीपुढे शेपूट.

ज्या जुलैत उल्हास नदी मांजर्लीत शिरली, त्या जुलैत तिथल्या तळमजल्यावरच्या एका खोलीत अक्षरांचे तक्ते आणि नायलॉनच्या झोळ्या पाण्याखाली होत्या. तक्ते वाळवल्यावर वाचता आले. झोळ्यांची शिवण हात लावला की सुटायची.

शाल आखूड होती. फोटोत यशोधराचे डोळे मिटलेले आलेत.

राजरत्नला कमळकाकडीचं लोणचं लागतं, तेही सिंधी दुकानातलंच. घरी केलेल्याला तो नुसतं बोट लावून बाजूला सारतो.

रिकामा डबा. आधी रिकामा डबा.

हे सगळं यशोधराच्या डोक्यात एकदम आलं, आणि कुठल्या क्रमानं आलं ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. ती उल्हासनगरच्या बाजारात लोणच्याच्या दुकानासमोर उभी होती, दिवाळी नुकतीच सरली होती, दुकानांवरच्या पताका अजून उतरायच्या होत्या. नवऱ्यासाठी, राजरत्नसाठी, लोणचं घ्यायचं म्हणून तिनं घरून स्टीलचा डबा आणला होता. दुकानदारानं डबा घेतला, झाकण काढून रिकामाच एका पारड्यात ठेवला, दुसऱ्या पारड्यात एक दगड टाकला, मग एक छोटा, मग त्याहून छोटा, आणि दोन्ही पारडी समोरासमोर आल्यावरच बरणीत पळी घातली. ती एकटक बघतेय हे पाहून त्याला वाटलं, बाईला संशय आला. तो म्हणाला, "बहनजी, डब्बा आपका है. उसको अचार के भाव में थोड़ी तोलूँगा." तिच्या खांद्याला एक मोठी कापडी पिशवी होती आणि ती पिशवी सकाळपासून जेवढी जड लागत नव्हती तेवढी आत्ता एकाएकी जड लागायला लागली. त्या पिशवीत जीन्सच्या कापडाच्या डझनभर नव्या झोळ्या होत्या, लहान मुलांना वजन करताना काट्याला टांगायच्या, चड्डीसारख्या, दोन्ही पाय आत जातील अशा, वर पट्टे असलेल्या. तिनं एक झोळी बाहेर काढली आणि लोणच्याच्या फळीवर ठेवली. हे तोला म्हणाली. दुकानदार हसला, याचंही लोणचं घालायचं का म्हणाला, पण त्यानं तोललं. अर्ध्या किलोचं माप टाकलं. झोळीचं पारडं खालीच राहिलं. त्यानं आणखी एक बारकं माप टाकलं तेव्हा कुठे ते वर यायला लागलं. यशोधरानं झोळीची घडी केली, पिशवीत ठेवली आणि चालू लागली. मागून दुकानदार हाका मारत राहिला, अचार, बहनजी, आपका अचार.

यशोधरा चुकली होती.

नाही. काटा बरोबर होता, झोळी बरोबर होती, मूल बरोबर होतं. तिघांची बेरीज चुकली होती, आणि ती बेरीज करणारी यशोधरा होती. असं नीट मांडल्यावर तिला जरा बरं वाटलं. तिचा स्वभावच तसा होता. चूक कुठे आहे ते कळत नसलं की ती हैराण व्हायची, जेवण जायचं नाही, राजरत्नवर उगीच ओरडायची. चूक सापडली की पहिल्यांदा तिला भूक लागायची. शिवणकामातून आलेली सवय. पँट अंगात बसत नाही म्हणजे काय, कुठेतरी एक शिवण चुकली आहे. ती सापडली की ब्लेडनं उसवायची, पुन्हा घालायची, रडायचं काय त्यात. सोळाव्या वर्षी वडील आगपेटीच्या कारखान्यातून घरी बसले तेव्हा ती पाच नंबरला परसूमल सेठच्या कारखान्यात कामाला लागली होती. मशीनवर बसून बाहेरून बी.ए. केलं, परीक्षा दिली, अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाली. बदलापूरच्या पुढच्या गावांमधल्या आणि आदिवासी पाड्यांमधल्या अंगणवाड्या तिच्या देखरेखीखाली आल्या. कार्यालयात त्याला तिचा बीट म्हणत. पण सेठच्या मशीनवर जे हाताला लागलं ते गेलं नाही. अजूनही माणूस समोर आला की त्याच्या चेहऱ्याआधी तिला त्याच्या कमरेचा घेर दिसायचा. म्हणूनच मांजर्लीच्या पुरात भिजलेल्या अंगणवाडीच्या झोळ्यांची शिवण सुटायला लागली, वर्षभर ठिगळं लावून चालवलं, नवीन मागवल्या त्या आल्या नाहीत, आणि एका पाड्यावर एक मूल वजन करताना पट्टा तुटून खाली पडता पडता आईनं झेललं, तेव्हा यशोधरानं कोणाची वाट पाहिली नाही. मे महिन्यात ती सेठकडे गेली आणि त्याला म्हणाली, उरलेलं कापड द्या, मुलांसाठी हवंय. सेठनं चौदाचं दिलं. त्याच्याकडे सगळ्यात भारी तेच होतं. "मजबूत बना, यशू," तो म्हणाला. "बच्चा गिरा तो मेरे कपड़े का नाम ख़राब होगा."

मजबूत म्हणजे किती मजबूत. तिनं जोड शिवण घातली, पट्टे दुहेरी केले, जिथे ताण येतो तिथे तांब्याचे रिवेट ठोकले, आणि हौस म्हणून मागे एक खिसा लावला, खिशावर पिवळ्या दोऱ्यानं नक्षी. पाड्यांवर झोळ्या गेल्या तेव्हा वजनाचा दिवस म्हणजे जत्रा झाली. नागडी पोरं जीन्स घालून झाडाला लोंबकळायची आणि बाया म्हणायच्या, आला बघ साहेब, आला बघ हिरो. जी पोरं आधी काटा दिसला की रडायची ती आता रांगत यायची. आणि काटा वर गेला. प्रत्येक पाड्यावर, प्रत्येक मुलाचा, त्या महिन्यात काटा वर गेला, आणि त्याच महिन्यात तिनं सकस आहाराची मोहीम घेतलेली, शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचं सत्त्व, त्यामुळे काटा का वर गेला असं कोणी विचारलं नाही. उत्तर आधीच हातात होतं. मग पाऊस आला. पावसाळ्यात दरवर्षी मुलांची वजनं उतरतात, पोटं बिघडतात, आया लावणीला जातात, पोर घरी मोठ्या बहिणीच्या कडेवर. या वर्षी यशोधराच्या बीटमध्ये उतरली नाहीत. म्हणजे उतरली, पण एप्रिलमध्ये, नव्या झोळ्यांआधी, जिथे होती तिथेच येऊन थांबली. कार्यालयात तिचा सत्कार झाला. प्रकल्पाच्या मॅडम म्हणाल्या, पावसाळा हिनं अडवला. टाळ्या. शाल, श्रीफळ. बाकीच्या पर्यवेक्षिकांनी विचारलं, त्या झोळ्या आम्हालाही मिळतील का, पोरं आनंदानं बसतात म्हणे. यशोधरा म्हणाली, का नाही मिळणार. त्यांच्यासाठी शिवलेल्या त्याच डझनभर नव्या झोळ्या आता तिच्या खांद्यावर होत्या.

काट्याच्या माथ्यावर एक बारीक स्क्रू असतो. नियम असा की आधी रिकामी झोळी अडकवायची, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा, आणि मगच मूल बसवायचं. नायलॉनची झोळी इतकी हलकी असायची की अडकवली काय नि न अडकवली काय, काटा जागचा हलत नसे. त्यामुळे स्क्रू कोणी फिरवत नसे. नुसता हुक रिकामा असताना काटा शून्यावर आहे ना, बस्स, मग झोळी, मग मूल. कोणी नियम मोडला नव्हता. तो वापरात नसलेल्या बिजागरीसारखा गंजून गेला होता, इतकंच. आणि यशोधरानं त्या गंजलेल्या नियमावर चौदाचं कापड टांगलं होतं. वारभर कापड चौदा औंस. ती दहा वर्षं रोज हा आकडा बोलत होती. गाठोडं उचलून सांगायची, हे बाराचं आहे सेठ, तुम्ही चौदाचं म्हणून आणलंत. कापडाला वजन असतं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण ते ज्ञान मशीनपाशी राहिलं आणि ती काट्यापाशी गेली.

आणि विठा.

बाजारातून बाहेर पडता पडता, रिक्षावाल्याला बदलापूर म्हणता म्हणता, यशोधराला विठाचा आवाज ऐकू आला. सोनिवलीच्या पुढे टेकडीला लागून असलेल्या पाड्यावरची विठा, वीस-बावीस वर्षांची, हातभर हिरव्या बांगड्या, कधी डोळ्यांत बघून न बोलणारी. तिची मुलगी किर्ती, आता दीड वर्षाची असेल. गेल्या महिन्याच्या वजनाला विठा नंबर लावून उभी होती आणि किर्तीच्या कमरेचा काळा दोरा दोन बोटांनी उचलून दाखवत होती. "दोरा खाली येतंय, बाय. गाठ मारते तरी येतंय." तेव्हा यशोधरानं काय केलं होतं? तिनं विठाला सांगितलं होतं की वजनाला येताना दोरे, ताईत, वाळे सगळं काढून येत जा, म्हणजे वजन खरं येतं. मग किर्तीला चौदाच्या झोळीत बसवलं होतं, काटा एप्रिलमध्ये होता तिथेच आला होता, आणि यशोधरा म्हणाली होती, तब्येत टिकून आहे, काटा खोटं बोलत नाही. सुती दोऱ्याचं वजन नको म्हणून तो काढायला लावला आणि अर्धा किलोचं कापड वर चढवलं. यशोधराला रिक्षात हसू आलं, वाईट हसू, आणि रिक्षावाल्यानं आरशातून तिच्याकडे बघितलं.

दोऱ्याचं तिचं वेगळंच होतं. तिच्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हा घरातले सगळे दोरे, गंडे, मूर्ती एका फडक्यात बांधून विहिरीत टाकल्या होत्या. वडिलांच्या कमरेला दोरा नव्हता, तिच्या नव्हता, तिच्या मुलीच्या, मनालीच्या, नव्हता. दोरा म्हणजे भीती, असं आजोबा म्हणायचे, आणि ते बरोबरच होतं. म्हणून कोणाच्या पोराच्या कमरेला दोरा दिसला की यशोधराची नजर त्यावरून घसरायची. तिथे बघण्यासारखं काही नाही असं ठरून गेलेलं. पण आता, शहर मागे पडून रिक्षा मोकळ्या रस्त्याला लागल्यावर, तिला शिवणकामवालीच्या डोळ्यांनी तो दोरा पहिल्यांदा दिसला. कमरेचा घेर. बाळाच्या बाराव्या दिवशी बांधलेला, वाढत्या अंगाला पुरावा म्हणून थोडा लांब ठेवलेला, गाठ मारून. पोर वाढलं की गाठ सोडायची, दोरा लांबवायचा. पोर आटलं की तो कुल्ल्यांवरून घसरतो, मग आई गाठ आणखी आत घेते, आणि गाठीपुढचं शेपूट लांब होतं. विठा महिनोन्महिने रोज पोरीच्या कमरेचं माप घेत होती. देवाचं त्यात काय होतं? टेप होती ती. सेठच्या कारखान्यात यशोधराच्या गळ्यात दहा वर्षं लटकत असलेली तीच टेप, फक्त काळी आणि आकडे नसलेली.

बदलापूरला रिक्षा बदलताना तिनं एका टपरीवर वडापाव घेतला आणि उभ्यानं खाल्ला. भूक लागली होती. सोपा रस्ता होता, आणि तो तिला अगदी नीट दिसत होता, कटिंगच्या टेबलावर खडूनं आखावा तसा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत सेविकांना सांगायचं, काटे जरा बिघडलेत, स्क्रू फिरवून घ्या. सगळ्या बीटची वजनं एकदम खाली येतील, कोणी विचारलंच तर दिवाळीनंतर स्थलांतर, हवा बदलली, पोटं बिघडली. वीस कारणं. शाल राहील, फोटो राहील. आणि किर्ती तेवढ्यात वीटभट्टीवर पोचलेली असेल. ठमाबाई, त्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका, तिला परवाच म्हणाली होती की मुकादमाची गाडी ठरली आहे, अर्धा पाडा चाललाय, विठा आणि तिचा नवरा रघुही. उद्या सकाळी. एकदा पोर भट्टीवर गेलं की ते पावसाच्या तोंडावर परत येतं, येतं तर. यशोधरानं वडापावचा कागद चुरगाळला. सोपा रस्ता जिथे आखला होता तिथून पुसून टाकला. त्यासाठी तिला फार वेळ लागला नाही, आणि याचा तिला पुढेही कधी अभिमान वाटला नाही. शिवण चुकलेली दिसत असताना वरून इस्त्री मारणारी माणसं तिला आधीपासून आवडत नसत.

पाड्यावर पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. जांभळीखाली ठमाबाई तांदूळ निवडत बसली होती, अवेळी मॅडम आलेल्या बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. काटा काढा, यशोधरा म्हणाली, आणि विठाला बोलवा, रघुलाही. काटा फांदीला चढला. यशोधरानं पर्समधली धागे कापायची छोटी कात्री काढली, टोक स्क्रूच्या खाचेत घातलं. फिरेना. ठमाबाईनं खोबरेल आणलं. तोवर पाड्यावरची माणसं जमली होती, अर्ध्याअधिकांची बोचकी बांधून दारात ठेवलेली, एका बोचक्यावर कोंबडी पाय बांधून बसवलेली. विठा आली, किर्ती तिच्या खांद्यावर गाल टेकून, डोळे उघडे, कुठेच न बघता. मागून रघु आला. उंच, सडसडीत पोरगा, गळ्यात लाल रुमाल. यशोधरानं काय झालंय ते सांगितलं, पोरीला उद्या इस्पितळात न्यायला लागेल असं सांगितलं, आणि रघुनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मागल्या टायमाला तुम्हीच बोलल्या, पोरगी टकाटक हाय," तो म्हणाला. "सगल्या पाड्यासमोर बोलल्या. आता गाडी दारात येली तं तीच पोरगी आजारी? भट्टीवर जोडी लागते, मॅडम. बाई नाय तं मुकादम बाप्याला उभा करत नाय."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, सरकारी वजन हाय, रोज बदलतंय. यशोधराला राग आला नाही. रघु बरोबर बोलत होता. जी बाई गेल्या महिन्यात एक सांगते आणि आज दुसरं सांगते तिच्या शब्दावर माणसानं वर्षाची कमाई का सोडावी. शब्दांनी हे होणार नाही हे तिला कळलं. तिनं झोळी घेतली, मागच्या खिशावर पिवळी नक्षी असलेली, तिनंच घातलेली, आणि ती रिकामीच काट्याला अडकवली. दोन निळे पाय हवेत लोंबायला लागले. वारा नव्हता. काटा सरकला आणि अर्धा किलोच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"बघ," ती रघुला म्हणाली. "आत कोणी नाही."

रघु पुढे आला. त्यानं काट्याकडे बघितलं, मग झोळीकडे, मग झोळीच्या आत हात घालून चाचपलं, जणू कोपऱ्यात काही लपलं असेल. त्यानं हात बाहेर काढला. "म्हंजे एवढी पोर नव्हतीच," तो हळू म्हणाला. "एवढी आपण चड्डीच मोजत व्हतो."

"हो."

तेलानं स्क्रू सैल झाला होता. यशोधरानं तो फिरवला, काटा थरथरत मागे आला, शून्यावर थांबला. मग तिनं विठाकडून किर्तीला घेतलं. किती हलकी होती. (हातात घेतल्यावर कळत नव्हतं का? कळत होतं. पण हाताचं कळणं आणि काट्याचं कळणं यांत तिनं काटा निवडला होता, सहा महिने.) विठा सवयीनं दोरा सोडायला लागली, तेव्हा यशोधरानं तिचा हात धरला. राहू दे, म्हणाली. किर्ती झोळीत बसली. बसली म्हणजे आत उतरली; तिचे पाय झोळीच्या पायांमधून दोन काटक्यांसारखे बाहेर आले आणि भोवती रिकामी जागा राहिली, वाटीत चमचा उभा केल्यासारखी. झोळी तिला मोठी होत होती. यशोधराचे डोळे त्या जागेवर थांबले, काही एक आठवल्यासारखं, आणि मग काट्याकडे वळले. काटा बोलला. ठमाबाईनं तोंडावर हात घेतला. कुपोषणाची दुसरी श्रेणी नाही, तिसरी; तीही खालून.

"विठा," यशोधरा म्हणाली, "तुझा दोरा खरा होता. मी ऐकायला हवं होतं."

विठानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. गाठीपुढचं शेपूट तिनं बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. रघु जांभळीच्या खोडाला टेकून उभा होता. बराच वेळ तो बोचक्यावरच्या कोंबडीकडे बघत राहिला. शेवटी त्यानं सांगितलं की धाकटा भाऊ आणि तो अशी जोडी लावतो, मुकादमाला पटलं तर पटलं, नाहीतर माती वाहायचं काम तरी देईल. बाई राहू दे पोरीजवळ. हे तो यशोधराला नाही, ठमाबाईला सांगत होता. जाताना तो परत फिरला आणि झोळीतल्या पोरीला त्यानं स्वतः उचलून बाहेर काढलं, दोन्ही बगलांत हात घालून, आणि एकदा हलकंच वर-खाली केलं. आता त्यालाही वजन कळत होतं.

बाकीच्या मुलांची वजनं त्याच जांभळीखाली अंधार पडेपर्यंत झाली. गाडीबरोबर जाणारी आणखी काही मुलं थांबली, काही थांबली नाहीत. यशोधरानं प्रत्येक घराच्या दारात जाऊन सांगितलं, पण प्रत्येक घरात रघु नव्हता. परत निघताना तिनं टेकडीच्या वळणावर, जिथे मोबाईलला रेंज यायची, तिथे उभं राहून मॅडमना फोन लावला. मॅडम आधी समजल्या नाहीत, मग समजल्या, मग म्हणाल्या की हे पुढच्या महिन्यापासून शांतपणे करता येईल, एवढी घाई का, सगळ्या बीटचा आकडा एका दिवसात कोसळला तर वर काय सांगायचं. यशोधरा म्हणाली, वर सांगायचं की आकडा कोसळला नाही, आकडा जमिनीवर आला. आणि झोळ्या यापुढे मी अस्तराच्या पातळ कापडाच्या शिवून देईन, तोवर प्रत्येक सेविकेनं झोळी आधी अडकवायची, स्क्रू मग, मूल शेवटी. "आणि ती शाल मी उद्या आणून देते, मॅडम," यशोधरा म्हणाली. "तशीही मला आखूडच होत होती." मॅडम हसल्या, मनाविरुद्ध, पण हसल्या, आणि म्हणाल्या, शाल ठेव, इस्पितळात थंडी असते, त्या बाईला दे.

उल्हासनगरच्या इस्पितळात विठानं ती शाल अंगावर घेतली नाही, किर्तीखाली अंथरली. पहिले काही दिवस पोरगी नुसती पडून असायची, चमच्यानं दूध घातलं की कडेनं सांडायचं. मग एका सकाळी तिनं चमचा चावून धरला आणि सोडेना. वॉर्डातल्या सिस्टर कमरेचा दोरा कापायला निघाल्या, स्वच्छता म्हणून. यशोधरा योगायोगानं तिथे होती, तिनं कात्री बाजूला केली आणि त्यांना सांगितलं की विठाचं ते मोजायचं साधन आहे, धुऊन घालू. आजोबा ऐकत असते तर, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि ते समजले असते असंही वाटलं. इस्पितळाचा काटा वेगळा होता, सपाट, कपड्याशिवाय मूल झोपवायचं. त्यावर रोज थोडं थोडं चढत होतं. विठाला त्याच्यावर फार विश्वास नव्हता. तिनं एका दुपारी यशोधराचा हात ओढून किर्तीच्या कमरेवर ठेवला. दोरा पोटाला लागून बसला होता. गाठ तिनं पहाटे सोडून पुढे बांधली होती, शेपूट आखूड झालं होतं. परसूमल सेठनं डझनभर झोळ्या परत घेतल्या, उसवून त्याच कापडाच्या लहान पोरांच्या खऱ्या जीन्स काढल्या, आणि एक यशोधराकडे पाठवली, खिशावर पिवळी नक्षी तशीच. तिनं ती विठाला दिली. विठा म्हणाली, ठेवते, बाय, होईल तिला. राजरत्ननं नंतर कितीदा तरी विचारलं, त्या दिवशीचं लोणचं कुठे गेलं. डबा अजून त्या दुकानातच आहे, दगडांसकट, असं यशोधरा त्याला सांगायची.

मे महिन्यात झोळी बेतताना झोळीच्या पायांचं माप यशोधरानं पाड्यावरच्या सगळ्यात गुटगुटीत मुलाच्या मांड्यांवरून घेतलं होतं, म्हणजे कोणाचंच मूल त्यात अडकू नये. ते मूल किर्ती होती.